तोक गुरूंच्या झोपड्या : जुन्या मलय समाजातील शिक्षण

मलय भाषेत एखाद्याचा खरोखर पाणउतारा करायचा असेल तर लांबलचक शिव्यांची गरज पडत नाही. 'कुरांग आजार' हे दोन शब्द पुरतात. 'कुरांग' म्हणजे कमी आणि 'आजार' म्हणजे शिकवणे. ज्याला शिकवायचे राहून गेले, तो कुरांग आजार. (आपल्या आजाराशी या शब्दाचा काही संबंध नाही.) ही शिवी झोंबते, कारण ती ऐकणाऱ्यापाशी थांबत नाही. त्याचे आईबाप, त्याचा गुरू आणि त्याचे गाव यांपैकी कोणीच आपले काम नीट केले नाही, असा तिचा अर्थ होतो.

याउलट चांगल्या माणसाची ओळख सांगणारा शब्द आहे 'बुदी बहासा'. हे दोन्ही शब्द आपल्या ओळखीचे आहेत : बुद्धी आणि भाषा. पण समुद्रापार गेल्यावर त्यांचे अर्थ सरकले. मलयात 'बुदी' म्हणजे सौजन्य, उपकार, मनाचा चांगुलपणा. आणि 'बहासा' म्हणजे भाषा तर खरीच, पण रीतभातही. ज्या समाजात बुद्धीचा अर्थ हुशारीकडून चांगुलपणाकडे सरकला, तिथे शिक्षण कशाला म्हणत असतील, हा आजच्या धाग्याचा विषय आहे. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

आणखी एक शब्द पाहू, मग पुढे जाऊ. मलयात शिक्षकाला म्हणतात 'गुरू', तो संस्कृतातून आला. विद्यार्थी 'मुरीद' आणि ग्रंथ 'किताब', हे अरबीतून आले. शाई 'दक्वात'; आपली 'दौत' याच अरबी शब्दाची फारसीमार्गे आलेली बहीण आहे. शाळेला मात्र शब्द आहे 'सेकोलाह', आणि तो आहे पोर्तुगीज 'एस्कोला'. म्हणजे गुरू, शिष्य, ग्रंथ आणि शाई हे सारे आधीपासून होते. इमारतीचे नाव तेवढे पोर्तुगीजांकडून आले. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज अधिकारी मलय गावांत इमारत शोधत हिंडले आणि ती सापडली नाही म्हणून इथे शिक्षण नाही असे ठरवून बसले. या गैरसमजाचे पुढे फार दूरगामी परिणाम झाले. त्याकडे येऊच.

इथली विद्येची परंपरा इस्लामच्याही आधीची आहे. इत्सिंग हा चिनी भिक्षू ६७१ साली नालंदेला निघाला, तेव्हा वाटेत सुमात्रातील श्रीविजय येथे सहा महिने थांबला तो संस्कृत व्याकरण शिकण्यासाठी. तिथे हजाराहून अधिक भिक्षू असल्याचे त्याने नोंदवले, आणि भारतात जाणाऱ्या चिनी भिक्षूंनी आधी इथे एखाद-दोन वर्षे राहून पूर्वतयारी करावी असा सल्लाही दिला. अकराव्या शतकात अतिश हा बंगाली आचार्य सुवर्णद्वीपाच्या धर्मकीर्तीपाशी शिकण्यासाठी उलटा समुद्रप्रवास करून गेला होता. विद्या नेहमी भारतातून पूर्वेकडेच गेली, ही आपली आवडती समजूत या एका प्रवासापुरती तरी बाजूला ठेवावी लागते.

पुढे इस्लाम आला आणि लिपी बदलली. तेरेंगानू येथे सापडलेला शिलालेख साधारणपणे १३०३ सालचा मानतात. त्यात मलय भाषा अरबी लिपीत लिहिलेली आहे. या लिपीला 'जावी' म्हणतात.

अरबी लिपीत मलय लिहिताना पहिली अडचण आली ती ध्वनींची. च, प, ग, ङ आणि ञ हे उच्चार मलयात सतत लागतात, अरबी वर्णमालेत ते नाहीत. मग जुन्याच अक्षरांवर नुक्ते वाढवून नवी अक्षरे घडवली गेली. 'ऐन'वर तीन नुक्ते दिले की ङ, 'जीम'ला तीन दिले की च. मराठी मुलाला बाराखडीच्या तक्त्यात ङ आणि ञ भेटतात ते एकदाच, 'हे नुसते पाठ करा' म्हणून. मलय मुलाला त्यांच्यावाचून एक वाक्यही लिहिता येत नसे.

ही बाब नुसती लिपिशास्त्राची नाही. कुराण वाचता यावे म्हणून ज्या मुलाने अरबी अक्षरे गिरवली, त्याला जेमतेम पाच-सहा अक्षरे आणखी शिकली की स्वतःच्या भाषेतील सगळे वाङ्मय उघडत असे. धर्मशिक्षणाच्या पाठीवर बसून साक्षरता जवळजवळ फुकट येत होती. हा मुद्दा ध्यानात ठेवावा. पुढे हाच पूल तुटणार आहे.

त्या वाङ्मयाचा समाजात वावर कसा होता, याचा एक प्रसंग 'सजाराह मलायू' या राजवृत्तांतात आहे. १५११ साली पोर्तुगीज मलाक्कावर चालून आले. हल्ल्याच्या आदल्या रात्री राजवाड्यात जमलेल्या तरुण सरदारांनी सुलतानाकडे एक पोथी मागितली : मुहंमद हनफियाची वीरकथा. रात्रभर ती ऐकावी आणि सकाळी लढावे. सुलतानाने आधी दुसरीच पोथी, अमीर हमजाची, पाठवली. तुमचे शौर्य हनफियाच्या तोडीचे नसेल अशी शंका आहे, असा चिमटाही काढला. सरदारांनी चतुर उत्तर दिल्यावर हवी ती पोथी मिळाली. मलाक्का पडलेच. पण पोथी एक, वाचणारा एक आणि ऐकणारे अनेक, ही या समाजाची वाचनपद्धती या प्रसंगात स्वच्छ दिसते. अशा समाजात साक्षर किती, हे फक्त स्वतः वाचणाऱ्यांची डोकी मोजून ठरवणे कितपत योग्य?

राजपुत्रांसाठी वेगळे ग्रंथ होते. १६०३ साली आचेहमध्ये 'ताज अल्-सलातीन' रचला गेला; राजाने न्याय कसा करावा, माणसे कशी पारखावीत, याची ती शिकवणी होती. त्यानंतर 'बुस्तान अल्-सलातीन' आला, १६३८ च्या सुमारास. त्याचा कर्ता नूरुद्दीन अल्-रानीरी हा सुरतेजवळच्या रांदेरचा, म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचाच. पण ही झाली दरबाराची गोष्ट. आपण गावात जाऊ.

गावात मूल सहा-सात वर्षांचे झाले की बाप त्याला हाताला धरून गुरूच्या घरी नेई. सोबत हळद घालून शिजवलेला चिकट पिवळा भात, थोडे पैसे आणि एक वेताची छडी असे. छडी गुरूच्या हाती देताना बाप म्हणे की पोर तुमच्या स्वाधीन. त्याचा डोळा जाऊ नये आणि हाड मोडू नये, बाकी तुमची मर्जी. त्या दिवसापासून मूल रोज संध्याकाळी, मगरिबच्या नमाजानंतर, दिव्याच्या उजेडात गुरूच्या ओसरीवर बसे. दिवसा गुरूच्या घरी पाणी भरणे आणि लाकडे फोडणे हीच फी. आधी कुराणाचा शेवटचा छोटा भाग असलेली 'मुकद्दम' नावाची पुस्तिका, मग संपूर्ण कुराण, असा क्रम असे.

अक्षरावर बोट ठेवायचे नसे. नारळाच्या झावळीची हीर हातात धरून तिच्या टोकाने एकेक अक्षर दाखवत पुढे सरकायचे. अक्षरांची ओळख करून देणारी पद्धत बगदादी म्हणून प्रसिद्ध होती. अलिफच्या वर खूण असेल तर आ, खाली असेल तर इ, पुढे असेल तर उ, अशी लय धरून पोरे घोकत. गंमत अशी की यातले 'वर', 'खाली' आणि 'पुढे' हे शब्द मलय होते. 'क ला काना का' म्हणत बाराखडी पाठ केलेल्या मराठी माणसाला या घोकंपट्टीचा सूर लगेच ओळखू येईल. फरक एवढाच, की मलय मुलाच्या बाबतीत मातृभाषेचा प्रवेश या तीन शब्दांपाशी थांबे. जे वाचायचे ते अरबी, आणि त्याचा अर्थ सहसा कोणी सांगत नसे.

संपूर्ण कुराण वाचून झाले की 'खतम'चा समारंभ होई. मुलाला नटवून मिरवत, गावासमोर वाचायला बसवत, पुन्हा पिवळा भात आणि रंगवलेली अंडी वाटत. पुष्कळ ठिकाणी हा समारंभ सुंतेला किंवा लग्नाला जोडून केला जाई. गावाच्या लेखी मूल आता शहाण्यांत जमा झाले.

या शिक्षणाचे सर्वांत जिवंत आणि सर्वांत निर्दय वर्णन एकाच माणसाने केले आहे : मुन्शी अब्दुल्ला. जन्म मलाक्का, १७९६ च्या सुमारास. अंगात अरब आणि तमिळ रक्त, भाषा मलय. त्याची आजी मलाक्कातील कंपुंग पाली या वस्तीत शाळा चालवत असे आणि तिच्याकडे मुले-मुली मिळून सुमारे दोनशे विद्यार्थी होते. हे वाक्य सावकाश वाचावे. अठराव्या शतकाची अखेर, एक मुस्लिम स्त्री, दोनशे विद्यार्थी, त्यांत मुलीही. इमारत शोधत हिंडणाऱ्या साहेबांच्या दप्तरात ही शाळा कुठे बसणार होती?

'हिकायत अब्दुल्ला' या आत्मचरित्रात (लेखन पूर्ण १८४३, सिंगापुरात छापले १८४९) त्याने त्या काळातल्या शिक्षांची यादीच दिली आहे. चोरी किंवा मारामारी करणाऱ्याची बोटे चार वेतांच्या चिमट्यात धरून आवळत. पळून जाणाऱ्याचे पाय लाकडी खोड्यात अडकवून तळव्यांवर छड्या मारत. काहींच्या कमरेला साखळदंड बांधून त्याला ओंडका अडकवत आणि तो घेऊनच त्यांनी हिंडायचे. अभ्यास न करणाऱ्याने हातांची अढी घालून कान धरायचे आणि उठाबशा काढायच्या. मिरच्यांच्या धुरावर धरण्याची शिक्षाही होती. लाकडी पाटीवर लिहिणे आणि ती धुऊन पुन्हा लिहिणे, हे तो ज्या तपशिलाने सांगतो त्याच तपशिलाने माराचेही सांगतो. तरी आजीविषयी आणि गुरूंविषयी त्याच्या मनात कडवटपणा नाही. तो कडवटपणा त्याने राखून ठेवला आहे दुसऱ्या एका गोष्टीसाठी.

अब्दुल्लाची तक्रार अशी : मलय माणसे आपल्या भाषेचा अभ्यास करीत नाहीत. मलय तर आपल्याला येतेच, ती काय शिकायची, असे त्यांना वाटते. मुले वर्षानुवर्षे अरबी घोकतात आणि त्यातले अवाक्षर त्यांना कळत नाही. आणि जी भाषा कळते तिचे व्याकरण, तिचे शुद्धलेखन शिकवणारी शाळा कुठेच नाही. अब्दुल्ला स्वतः तमिळ शिकला आणि मलाक्काच्या किल्ल्यातल्या हिंदी शिपायांकडून हिंदुस्थानी शिकला. त्याच शिपायांना तो मलय शिकवू लागला आणि 'मुन्शी' ही पदवी त्याला त्यांच्याकडूनच मिळाली. १८१० च्या अखेरीस रॅफल्स जावाच्या स्वारीची तयारी करायला मलाक्काला आला, तेव्हा त्याच्या कचेरीत पत्रांच्या नकला करणारा सर्वांत लहान लेखनिक हाच होता. पुढे त्याने मिशनऱ्यांना मलय शिकवले. त्यांच्या छापखान्याचा त्याला विलक्षण मोह पडला.

प्रस्तुत लेखकाच्या मते अब्दुल्लाची तक्रार अर्धी खरी होती. अर्थावाचून घोकणे हे शिक्षणाचे न्यूनच होते, आणि ते आतल्या माणसाने सांगितले म्हणून त्याला वजन आहे. पण तो राहत होता बंदराच्या शहरात, साहेबांच्या सहवासात. मलय भाषेतली विद्या जिथे खोल रुजलेली होती, ती ठिकाणे त्याच्या नेहमीच्या वाटेवर नव्हती. रियाउ बेटांतील पेन्येंगात येथे राजा अली हाजी हा त्याचाच समकालीन मलयचे व्याकरण आणि लेखनपद्धती यांवर ग्रंथ रचत होता. आणि उत्तरेला केलांतान व पातानी या मुलखांत 'पोंडोक' होते.

'पोंडोक' म्हणजे झोपडी. हा शब्द अरबी 'फुंदुक', म्हणजे उतारूंची धर्मशाळा, याच्याशी जोडतात. मक्केत शिकून आलेला एखादा विद्वान गावी परते आणि आपल्या घराच्या ओसरीवर शिकवू लागे. त्याला 'तोक गुरू' म्हणत. कीर्ती पसरली की दूरदूरचे तरुण येत, आणि राहायला जागा नसल्याने गुरूच्या घराभोवती आपापली झोपडी बांधत : खांबांवर उचललेली, बांबूची, झावळ्यांनी शाकारलेली, एका-दोघांना पथारी पसरता येईल एवढी. पाहता पाहता गुरूच्या घराभोवती झोपड्यांचे गावच उभे राही. मध्ये प्रार्थनागृह, बाजूला विहीर. बांधकाम विद्यार्थ्यांचे, जमीन बहुधा गुरूची किंवा कोणा भाविकाने दान दिलेली.

फी नव्हती, वर्ग नव्हते, परीक्षा नव्हती, शिकण्याची ठरलेली मुदतही नव्हती. कोणी दोन वर्षे राही, कोणी दहा. घरून तांदूळ आणायचे, स्वतः रांधायचे, लावणी-कापणीच्या दिवसांत गुरूच्या शेतात राबायचे. केलांतानात या विद्यार्थ्यांना 'तोक पाकिर' म्हणत. 'पाकिर' म्हणजे आपला फकीर. गावकरी जकात आणि धान्य देत, त्यावर गुरूचा संसार चाले.

शिकण्याच्या क्रियेला शब्द होता 'मेनादाह किताब'. 'मेनादाह' म्हणजे वरून पडणारे काही झेलण्यासाठी खाली हात किंवा भांडे धरणे. पागोळ्यांखाली घागर ठेवावी, तसे. गुरू मध्ये बसून ग्रंथाची ओळ वाचणार, शब्दाशब्दाचा अर्थ सांगणार. भोवती कोंडाळे करून बसलेले शिष्य आपापल्या प्रतीत ओळींच्या मधल्या जागेत बारीक अक्षरांत तो टिपून घेणार. ग्रंथ संपला की पुढचा ग्रंथ. गुरू नसेल तेव्हा जुना, मुरलेला विद्यार्थी नवशिक्यांकडून उजळणी करून घेई. शाफई पंथाचे धर्मशास्त्र, ईश्वरविचार, सूफी साधना, अरबी व्याकरण हे विषय. अब्दुल्लाला खटकणारी अर्थाची उणीव इथे उरत नव्हती, कारण इथे सगळा खटाटोप अर्थाचाच होता, आणि तो मलय भाषेतून होता.

हे ग्रंथ मलयात आले कुठून? मुख्यतः मक्केतून. मक्केत स्थायिक झालेल्या मलय विद्वानांची एक मोठी फळीच होती. पातानीचे शेख दाऊद (१७६९–१८४७) यांनी तिथे राहून धर्मशास्त्रावर आणि उपासनेवर अनेक ग्रंथ जावी लिपीतील मलयात लिहिले. त्यांतले 'फुरू अल्-मसाइल' आणि 'मुन्यत अल्-मुसल्ली' पोंडोकांत पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. १८८०च्या दशकात मक्केत उस्मानी सरकारचा छापखाना निघाला, तेव्हा त्यातल्या मलय ग्रंथांची देखरेख पातानीच्याच शेख अहमद यांच्याकडे आली.

आणि इथे मुंबई येते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईतले शिळाछापखाने पूर्वेकडच्या मुसलमानांसाठीही छापत होते. मलय भाषेतील जावी किताबे मुंबईत शिळेवर छापली जात आणि जहाजाने सिंगापूरला उतरत. मुंबईत छापलेल्या कुराणांचा प्रसार तर याहूनही मोठा झाला. ठसठशीत, जाड अक्षराची ही प्रत त्या मुलखांत इतकी रुळली की 'मुंबईचे कुराण' ही तिची ओळखच बनली, आणि १९८०च्या दशकात इंडोनेशियाने आपली प्रमाण प्रत ठरवली तेव्हा तिच्या लेखनपद्धतीसाठी आधार म्हणून याच मुंबई छापाकडे पाहिले. केलांतानमधल्या कुठल्यातरी ओसरीवर हीर सरकवत बसलेल्या पोराच्या पुढ्यातले पान मुंबईतल्या एखाद्या कारागिराने शिळेवर उठवलेले असण्याची शक्यता चांगलीच होती. मुंबईच्या मुद्रणाचा इतिहास लिहिताना आपण हे गिऱ्हाईक सहसा विसरतो.

पोंडोकाच्या परंपरेतले सर्वांत मोठे नाव तोक केनाली यांचे (१८६८–१९३३). मूळ नाव मुहंमद यूसुफ, गाव केनाली, कोता भारूजवळ. गरीब शेतकऱ्याचे पोर. अठराव्या वर्षी शिडाच्या जहाजाने मक्केला निघाले, आणि तिथे बावीस वर्षे राहिले. विकत घ्यायला पैसे नसल्याने ग्रंथ इतरांकडून मागून वाचत. १९०८ साली परतले आणि गावात पोंडोक उघडला. पातानी, सुमात्रा, कंबोडिया इथून विद्यार्थी येऊ लागले. ग्रंथ उघडून समोर न ठेवताच ते शिकवत, याची आठवण केलांतानात आजही सांगतात. पण हा माणूस नुसता जुन्या वळणाचा नव्हता. १९१५ साली केलांतानात धर्ममंडळ स्थापन झाले, तेव्हा त्याच्या कामात ते होते, आणि १९१८ साली मंडळाने 'पेंगासूह' हे नियतकालिक काढले, तेव्हा त्याचे पहिले संपादकही तेच. ते वाचणारे बरेचसे पोंडोकातलेच.

पोंडोकाचे दुबळेपणही सांगायला हवे. सगळा डोलारा एका माणसावर उभा असे. तोक गुरू गेले आणि मुलगा किंवा शिष्य त्या तोडीचा निघाला नाही, की विद्यार्थी पांगत आणि झोपड्या कोसळत. शिवाय मुलींना या विद्येत जवळजवळ जागा नव्हती. त्यांना घरी कुराण वाचायला शिकवत, पण लिहायला शिकवण्याबद्दल नाखुशी असे. लिहिता आले तर पोरगी प्रेमपत्रे लिहील, ही भीती. (ही भीती आपल्याकडेही अनोळखी नाही.) अब्दुल्लाच्या आजीची शाळा म्हणूनच वेगळी उठून दिसते.

घोकण्याखेरीजचे शिक्षण तर रोजच चालू असे. होडी बांधणारा, कोळी, क्रिस घडवणारा लोहार, सोंगकेतची जर विणणारी बाई, यांच्या शेजारी बसूनच पुढची पिढी तयार होई. 'सिलात' या युद्धकलेतही गुरूला शपथपूर्वक शरण जावे लागे. आणि 'पांतुन' होते : चार ओळींचे लोककाव्य. पहिल्या दोन ओळींत झाड, पक्षी किंवा नदीचे चित्र, शेवटच्या दोन ओळींत खरा आशय. लग्नात, कापणीत, भांडणातही पांतुनाला पांतुनानेच उत्तर द्यायचे. मनातले सरळ न बोलता समोरच्याला समजावणे, हीच बुदी बहासा. आणि ती शिकवायला कोणी छडी घेऊन बसत नसे.

आता साहेबांकडे वळू. १८७२ मध्ये सामुद्रधुनीच्या वसाहतीत स्किनर नावाचा अधिकारी शाळा-तपासनीस झाला. त्याने निदान एवढे ओळखले की नवी शाळा हवेत उभी राहत नाही. असलेल्या कुराणवर्गांनाच त्याने हात घातला : सकाळी सरकारी पगारावर मलय वाचन, लेखन आणि गणित, दुपारी कुराण, आणि कुराण शिकवणाऱ्याचे मानधन पालकांनी द्यायचे. पालक मुले पाठवू लागले. तडजोड चतुर होती. पण एक रेघ कायमची ओढली गेली : इकडे शिक्षण, तिकडे धर्म, हे सरकारचे, ते तुमचे.

पुढचा प्रश्न होता, मलय शेतकऱ्याच्या पोराला शिकवायचे तरी किती? १८९० साली पेराकचा रेसिडेंट स्वेटनहॅम याने लिहून ठेवले की शेतकऱ्यांच्या मुलांना अर्धेमुर्धे इंग्रजी शिकवणे इष्ट नाही, ती मग कष्टांना नालायक होतात. सरदारपुत्रांसाठी १९०५ मध्ये क्वाला कांगसार येथे इंग्रजी माध्यमाचे मलय कॉलेज निघाले. १९१६ साली विन्स्टेड मलय शिक्षणाचा प्रमुख झाला. हा मलय वाङ्मयाचा थोर अभ्यासक, पण त्याने जावा आणि फिलिपाईन्स पाहून येऊन शिफारस केली ती मलय शाळेची पाच वर्षे कमी करून चार करण्याची, आणि टोपल्या विणणे व बागकाम वाढवण्याची. सरकारी धोरण १९२० च्या अहवालात उघडच मांडले गेले : कोळ्याच्या पोराने बापापेक्षा थोडा शहाणा कोळी व्हावे, शेतकऱ्याच्या पोराने थोडा शहाणा शेतकरी, इतकेच.

पोंडोकातून केनाली गावच्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा मक्केतील विद्वानांच्या पंक्तीला बसू शकत होता. सरकारी शाळेतून तो बापाच्याच होडीत परत पाठवला जाणार होता. 'परंपरागत' आणि 'आधुनिक' हे शब्द वापरताना कोणत्या व्यवस्थेत वर जाण्याची वाट होती आणि कोणत्या व्यवस्थेत ती बुजवलेली होती, हे पाहायला नको काय?

अर्थात शिक्षण धोरणाचे ऐकत नाही. १९२२ मध्ये तान्जुंग मालिम येथे गावोगावच्या शिक्षकांसाठी सुलतान इद्रिस प्रशिक्षण महाविद्यालय निघाले. बागकाम आणि वेतकाम होतेच. पण गावोगावची हुशार मुले प्रथमच एकत्र आली, आणि झाबा यांच्यासारखा भाषापंडित तिथे मलय व्याकरण रचू लागला. अब्दुल्लाने शंभर वर्षांपूर्वी मागितलेली गोष्ट अखेर घडली. टोपल्या विणायला शिकलेल्या याच शिक्षकांमधून मलय राष्ट्रवाद उभा राहिला. १९३८ साली ब्रिटिशविरोधी 'केसातुआन मलायू मुदा' ही संघटना स्थापन करणारा इब्राहिम याकूब याच महाविद्यालयातून बाहेर पडलेला शिक्षक होता.

पातानीत मात्र कथा वेगळ्या वळणाने गेली. १९०९ च्या करारात केलांतान, तेरेंगानू, केदाह ब्रिटिशांकडे गेले आणि पातानी सयामकडे राहिली. एका भाषेचे, एका विद्येचे माहेर सीमेच्या पलीकडे गेले. १९२१ मध्ये सयामने सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. शाळा थाई भाषेची. पालकांना तो पोंडोकावर घाला वाटला आणि पुढच्याच वर्षी उठाव झाला. मक्केत शिकून आलेल्या हाजी सुलोंग यांनी पातानीत नव्या पद्धतीची धर्मशाळा काढली होती. १९४७ मध्ये त्यांनी सरकारपुढे सात मागण्या ठेवल्या. प्राथमिक शाळेत थाईबरोबर मलयही शिकवावी, ही त्यांतली एक. जानेवारी १९४८ मध्ये त्यांना अटक झाली. सुटकेनंतर, ऑगस्ट १९५४ मध्ये, त्यांना पोलिसांनी भेटीस बोलावले. ते घरी परतले नाहीत. १९६१ पासून थाई सरकारने पोंडोकांची नोंदणी आणि त्यांचे शाळांत रूपांतर सुरू केले.

मलेशियात बदल कायद्याने आणि बराच शांतपणे झाला. १९६३ च्या राष्ट्रभाषा कायद्याने मलय भाषेची अधिकृत लिपी रोमन ठरवली. जावीला बंदी नव्हती, पण शाळा, कचेरी आणि वर्तमानपत्र हळूहळू रोमनकडे गेले. कुराणाची अक्षरे मुले अजूनही शिकत, पण त्या अक्षरांतून स्वतःच्या भाषेकडे नेणारा पूल आता कोणी वापरत नव्हते. आजोबांनी जपलेले 'हिकायत' नातवाला अक्षर न्‌ अक्षर दिसते, उच्चारताही येते, पण ओळ मात्र लागत नाही. घरच्या पेटीतले मोडी कागद उलटसुलट करून पाहणाऱ्या मराठी माणसाला याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

केलांतानमध्ये पोंडोक अजून आहेत. मात्र तिथल्या कित्येक झोपड्यांत आता तरुणांबरोबर म्हातारी माणसेही राहतात : मुले मार्गी लागलेली, नोकरी-शेती संपलेली. उरलेले दिवस गुरूच्या शेजारी काढावेत म्हणून ती स्वतःहून येतात. पहाटेच्या नमाजानंतर प्रार्थनागृहात कोंडाळे जमते. तोक गुरू जावी किताबातील ओळ वाचतात, आणि चष्मा सावरत ही वृद्ध मंडळी ओळींच्या मधल्या जागेत पेन्सिलीने अर्थ टिपून घेतात.